वेगळी पंगत

गेल्या हिवाळ्यात नागपुरातील एका युवक महोत्सवाच्या परीक्षक-मंडळावर बसण्याचा योग आला. कार्यक्रमपत्रिका चाळताना असे दिसले की, सुगम गायन, नाट्यगीत आणि समूहगान यांना मुख्य सभागृह, मानचिन्ह व रोख पारितोषिक नेमून दिलेले असून, रॅपला मात्र सभागृहामागच्या वाहनतळावर, ऐन दुपारी, निव्वळ सादरीकरणापुरती मंजुरी मिळालेली आहे. या व्यवस्थेचे कारण विचारता एका सुविद्य संयोजकांनी मोठ्या गुणग्राहक मुद्रेने सांगितले की, हा बंडखोरांचा कलाप्रकार, पुरस्काराने तो बाटतो. अमेरिकेत तर रॅपरांनी खुद्द ग्रॅमीवर बहिष्कार घातला होता. शेजारी उभा असलेला कामठी रोडकडचा एक स्पर्धक हे ऐकून एवढेच म्हणाला, “बक्षीस नाही देल्लं तं चालते सर, पण आतमंदी तर घ्या नं!” ग्रॅमीच्या त्या बहिष्काराचे मर्म संयोजकांपेक्षा या मुलाला अधिक कळले होते, असे माझे मत आहे, आणि ते लपवून ठेवून तटस्थपणाचा आव आणण्याची माझी इच्छा नाही.

कलेने सन्मानाकडे पाठ फिरवली तरच ती अस्सल, ही कल्पना आपल्या परंपरेत फारशी जुनी नाही. तालावर शब्द फेकून प्रतिपक्षाला निरुत्तर करण्याचा जो कलगी-तुऱ्याचा सामना आपल्या खडी गंमतीत रात्र रात्र रंगत असे, त्याच्या मुळाशीच तुकनगीर आणि शाहअली या दोघा प्रतिस्पर्ध्यांना चंदेरीच्या राजाने तुरा व कलगी बहाल केल्याची आख्यायिका आहे. म्हणजे पक्षांची नावेच मुळी दरबारी मानचिन्हांची! राम जोशी, होनाजी यांच्या बिदागीचा आणि पेशवाईतील राजाश्रयाचा इतिहास सर्वश्रुत आहे. सत्यशोधक व आंबेडकरी जलशांनी तो आश्रय दरबारातून वस्तीत आणला, हेही अनेकदा सांगून झाले आहे. ठेक्यावर बोलणे वऱ्हाड-नागपूरला नवे नाही. तुकडोजी महाराजांची खंजिरी ज्याने ऐकली त्याला ते सांगावे लागत नाही.

नकाराचा आपल्याकडचा खरा आद्य दाखला १८८५ सालचा. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने भरणाऱ्या ग्रंथकारांच्या सभेला येण्याचे जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून नाकारले. सभेत आपल्याला कोणते आसन मिळेल हा त्यांचा प्रश्न नव्हता; जे लोक माणसाला माणसाचे हक्क देण्यास राजी नाहीत, त्यांच्या सभेलाच आपली संमती नाही, असा तो मूलगामी नकार होता. आता गफलत होते ती ही की, पुढचा प्रत्येक बहिष्कार आपण याच मापाने मोजतो, आणि ग्रॅमीवरचा १९८९चाही तसाच मोजला गेला.

त्या वर्षी ग्रॅमीने रॅपसाठी प्रथमच एक विभाग उघडला. पुरस्कार मिळाला विल स्मिथ आणि जॅझी जेफ या जोडीला, आणि तो ज्या गाण्यासाठी मिळाला त्याचा विषय तरी काय? आईवडिलांना पोरांचे मन कळत नाही, शाळेसाठी आई भलतेच कपडे घेते, अशी ती निरुपद्रवी कैफियत! हे बंड असेल तर आपल्या घरोघरी बंडखोर आहेत. मात्र २२ फेब्रुवारीच्या मुख्य समारंभाचे जे प्रक्षेपण देशभर व्हायचे होते त्यातून हा विभाग वगळला गेला. विभाग पुष्कळ, वेळ थोडा, ही आयोजकांची सबब अगदीच खोटी नव्हती. तथापि बाजारात रॅपच्या ध्वनिफिती धडाधड खपत असताना नेमका हाच विभाग पडद्याआड जावा, याचा अर्थ नामांकितांना बरोबर समजला. विजेते, एलएल कूल जे आणि सॉल्ट-एन-पेपा गैरहजर राहिले. पाच नामांकितांपैकीच एक असलेला कूल मो डी मात्र गेला, दुसऱ्याच एका विभागाचा पुरस्कार जाहीर करण्यासाठी मंचावर उभा राहिला, आणि उभ्या उभ्या चार ओळी रॅपच्या म्हणून मोकळा झाला. गैरहजर राहिलेले आणि तो, यांची मागणी माझ्या मते एकच होती. पुरस्कार नको असे कोणी म्हटले नव्हते. वाढलेले ताट नाकारले ते ओसरीवर वेगळे वाढले म्हणून. हा नकार फुल्यांच्या पत्राच्या जातीचा नसून महाडच्या जातीचा आहे. १९२७ साली चवदार तळ्यावर गेलेली माणसे तहानेने गेली नव्हती, हे निदान दीक्षाभूमीच्या शहरात तरी विस्ताराने सांगण्याचे कारण नाही.

स्वतंत्र विभाग म्हणजे मान्यता, ही समजूत पुढे इतकी रूढ झाली की त्यातली मेख कोणी पाहिली नाही. १९९६पासून रॅपच्या अल्बमसाठीही वेगळा पुरस्कार सुरू झाला. पण सर्व प्रकारांच्या सामाईक पंगतीतला, वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा मान १९९९ साली लॉरिन हिलला आणि २००४ साली आउटकास्टला मिळाल्यानंतर पुढची वीस वर्षे एकाही रॅप-अल्बमच्या वाट्याला आला नाही. २०१८ साली पुलित्झरने केंड्रिक लामारला संगीताचा पुरस्कार दिला तो कोणताही पोटविभाग न काढता, आणि तोवर हा मान पाश्चात्त्य अभिजात संगीत व जॅझ यांच्याबाहेर गेलेला नव्हता.

आपल्याकडे पोटविभाग न काढता रॅपला गौरवण्याचा हा प्रयोग अजाणता घडला. २०२० साली गुवाहाटीस झालेल्या फिल्मफेअर समारंभात रॅपरची कथा सांगणाऱ्या ‘गली बॉय’ चित्रपटाने तेरा पुरस्कार नेले, त्यातील गीतलेखनाचा पुरस्कार मुंबईचा रॅपर डिव्हाइन आणि अंकुर तिवारी यांना मिळाला. तेथे रॅपसाठी वेगळा खण नव्हता, सर्व गीतकारांचा एकच विभाग. परिणाम असा की, त्याच विभागात नामांकन असलेल्या ‘तेरी मिट्टी’चे गीतकार मनोज मुंतशिर यांनी यापुढे कोणत्याही पुरस्कार समारंभास न जाण्याची जाहीर प्रतिज्ञा केली. बहिष्कार या वेळी पलीकडच्या बाजूने आला! मुंतशिरांचे गीत कमी प्रतीचे होते असे मी म्हणत नाही; पण हेच पारितोषिक ‘सर्वोत्तम रॅप’ म्हणून बाजूला काढून दिले असते, तर एकाही गीतकाराची झोपमोड झाली नसती. चित्रपटाचे यश वजा केले तर गल्लीच्या वाट्याला किती उरते, हा आक्षेप मला मान्य आहे, मात्र तो हिशेब निराळा.

रॅपला काव्य म्हणावे की नाही याचा खल अद्याप साहित्यिक वर्तुळांत चालू आहे. २०२३ साली राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोघा मराठी रॅपरांवर त्यांच्या गाण्यांपायी गुन्हे नोंदवले गेले, तेव्हा मात्र हा कलाप्रकार नेमका कोणत्या विभागात बसतो, असे कोणा फिर्यादीने विचारल्याचे ऐकिवात नाही.