पाहण्याचा हक्क आणि दाखविण्याचा हक्क

रस्ता हा सर्वांचा आहे. त्यावरून जाणारा मनुष्य आपलें तोंड झांकून जात नाहीं. तें कोणीं पाहिलें, किंवा पाहतांपाहतां टिपून घेतलें, तर त्यानें तक्रार कां करावी? रस्त्यावरील छायाचित्रकारांचा हा युक्तिवाद हंसण्यावारीं नेण्याजोगा नाहीं. ज्याची अगोदर परवानगी मागावी त्याचा चेहरा त्याच क्षणीं पालटतो. तो कपडे सांवरतो, उसनें हंसूं आणतो, आणि जें टिपावयाचें तेंच नाहींसें होतें. वॉकर एव्हान्स यानें १९३८ ते १९४१ या काळांत न्यूयॉर्कच्या भुयारी आगगाडींतील उतारूंचीं छायाचित्रें कोटाखालीं कॅमेरा लपवून घेतलीं. चारचौघांत असूनहि आपल्याच विचारांत बुडालेला मनुष्य त्यांत जसा उमटला आहे, तसा सांगूनसवरून घेतलेल्या चित्रांत क्वचितच उमटतो.

कायद्यानें येथें सीमारेषा आंखली आहे ती चित्राच्या उपयोगावरून. एका तरुणीचें चित्र तिला न विचारतां पिठाच्या जाहिरातींवर छापलें गेलें असतां, १९०२ सालीं न्यूयॉर्क राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानें तिला दाद दिली नाहीं. त्यावर मोठा गहजब झाला. आणि जाहिरातीसाठीं वा व्यापारासाठीं कोणाचें चित्र वापरावयाचें तर त्याची लेखी संमति हवी, असा कायदा १९०३ सालीं झाला. कला मात्र या बंधनाबाहेर राहिली. पुढें फिलिप-लॉर्का डिकॉर्शिया यानें त्याच शहरांतील टाइम्स स्क्वेअरमध्यें मचाणावर दिवे बसवून वाटसरूंचे चेहरे त्यांच्या नकळत टिपले व २००१ सालीं त्यांचें प्रदर्शन भरविलें. त्यांत एक वृद्ध, सनातनी ज्यू गृहस्थ होते. प्रतिमा करूं नये या धर्माज्ञेचा यामुळें भंग होतो, असें म्हणून त्यांनीं फिर्याद केली. चित्राच्या प्रती २० ते ३० हजार डॉलरांस विकल्या गेल्या होत्या. तरीहि २००६ सालीं न्यायालयानें ती कलाच ठरविली व फिर्याद काढून टाकली.

निकाल कायद्यास धरून असेल; परंतु जें कायद्यास क्षम्य तें सर्व उचितच, असें आपण अन्य कोणत्या बाबतींत मानतों? उलटपक्षीं संमतिपत्रालाच सर्वस्व मानणेंहि चूक होय. चार पैशांच्या गरजेनें केलेली सही कायद्याला पुरते. पण आपलें चित्र कोठें, कोणत्या मथळ्याखालीं लागणार हें ज्याला ठाऊकच नाहीं, त्यानें संमति दिली ती कशाला?

वस्तुतः पाहणें आणि दाखविणें या दोन निराळ्या क्रिया आहेत. रस्त्यावर मी वाटसरूला पाहतों, तसा तोहि मला पाहूं शकतो. चित्र भिंतीवर चढलें कीं ही बरोबरी सरते; हजारों लोक त्याला पाहतात, तो कोणालाच पाहत नाहीं. म्हणून टिपण्यापूर्वीं न विचारणें क्षम्य मानावें. परंतु दाखविण्यापूर्वीं शक्य तेथें विचारणें, आणि ‘नको’ हा शब्द कानीं आल्यावर थांबणें, हें कर्तव्यच होय. मग लाठी उगारणारा शिपाईहि ‘नको’ म्हणेल, असा आक्षेप येईल. पण तो लोकांनीं दिलेला अधिकार चालवीत असतो व त्याबद्दल लोकांस जबाबदार असतो. वाटसरू आपल्या चेहऱ्याबद्दल कोणासहि जबाब देणें लागत नाहीं. आषाढीच्या वाटेवर दरवर्षीं टिपल्या जाणाऱ्या वृद्ध वारकऱ्यांविषयीं आपणहि हा विचार केला पाहिजे. तो चेहरा विठ्ठलाकडे वळलेला असतो, आपल्याकडे नव्हे.

या नियमानें जग एखाद्या उत्तम चित्रास मुकेल, हें खरें. आणि ती हानि लहान नाहीं. परंतु ती कलेनें सोसावी. वाटसरूनें सोसावी असें म्हणण्याचा अधिकार, ज्यांचा स्वतःचा चेहरा भिंतीवर नाहीं, त्यांना पोंचत नाहीं.