शाळेच्या समितीवर कोणीं बसावें?

कांहीं महिन्यांपूर्वीं आमच्या बिऱ्हाडाजवळच्या एका प्राथमिक शाळेंत पालकांची सभा भरावयाची होती व तींत शाळा व्यवस्थापन समितीचे सभासद निवडावयाचे होते. आम्हांस हिंजवडीस राहावयास येऊन आतां बारा वर्षें झालीं. त्यापूर्वीं आयुष्याचा बराच काळ एका महाविद्यालयांत अध्यापन करण्यांत गेला. तेव्हां आमच्या वसाहतींतील दोनचार सद्गृहस्थांच्या मनांत आलें कीं, समितींत 'शिक्षणतज्ज्ञ' म्हणून जी एक जागा असते तिच्यासाठीं आम्हीं आपलें नांव द्यावें. त्याच सायंकाळीं दुसऱ्या दोघांनीं आम्हांस बाजूस घेऊन सांगितलें कीं, असल्या भानगडींत सभ्य माणसानें पडूं नये. दोन्ही सल्ले सद्भावाचेच होते. परंतु त्या दोहोंनीं मिळून आमची झोंप मात्र उडविली. कारण त्यांतून दोन प्रश्न निघाले व दोन्ही आम्हांस वाटले होते त्याहून अवघड ठरले. सार्वजनिक अधिकाराची जागा स्वतः होऊन मागणें हें नीतीस धरून आहे काय? आणि ज्या शाळेंत आपलें मूल नाहीं, त्या शाळेच्या कारभारांत बोलण्याचा आपणांस हक्क कोणता?

हिंजवडीचें नांव आज देशोदेशीं ठाऊक झालें आहे तें माहिती तंत्रज्ञानाच्या उद्योगामुळें. तथापि मुळशी तालुक्यांतील हा गांव त्या कांचेच्या इमारतींहून फार जुना आहे; चैत्री पौर्णिमेस म्हातोबाचें बगाड येथून वाकडास निघतें, तें पाहिलें म्हणजे जुना गांव अजून जिवंत आहे हें पटतें. ज्या शाळेविषयीं आम्ही लिहीत आहों ती शाळा मात्र त्या जुन्या गांवाचीहि पुरती राहिलेली नाहीं आणि नव्या वसाहतींची तर नाहींच नाहीं. नव्या वसाहतींतील मुलें सकाळीं पिवळ्या गाड्यांत बसून इंग्रजी शाळांकडे जातात. ह्या शाळेंत येतात तीं त्या वसाहती बांधणाऱ्यांचीं, त्यांच्या दारांवर राखण करणाऱ्यांचीं व त्यांतील घरोघर धुणेंभांडें करणाऱ्यांचीं मुलें. एकाच वर्गांत सोलापूरकडची मराठी, मराठवाड्याची मराठी आणि कर्नाटकांतून आलेल्या पोराची मोडकी मराठी ऐकूं येते.

पहिला प्रश्न आधीं घेऊं. पद मागूं नये, मिळालें तर नम्रपणें स्वीकारावें, हा संस्कार आपल्या मध्यमवर्गांत खोल रुजलेला आहे. आम्हीहि त्याच संस्कारांत वाढलों. परंतु त्याची जरा कसोशीनें तपासणी केली तर त्यांत विनयापेक्षां मानीपणाच अधिक सांपडतो. जो मनुष्य दहा जणांनीं घरीं येऊन आग्रह करावा म्हणून वाट पाहत बसतो, तो आपली किंमत कमी लेखतो असें कोण म्हणेल? उलट जो उभा राहून 'मला अमुक अमुक करावयाचें आहे' असें सांगतो, तो निदान स्वतःस तपासणीसाठीं लोकांपुढें ठेवतो आणि पराभवाची नामुष्की पत्करण्यास तयार होतो. आग्रहानें बसविलेल्या माणसास हा धोका नसतो, व काम न केल्याबद्दल जाब विचारला तर 'मी कोठें मागितलें होतें?' हें उत्तर त्याच्या खिशांत तयारच असतें.

'बिनविरोध' ह्या शब्दाची जी थोरवी आपण गातों तिच्याविषयींहि आम्हांस असाच संशय आहे. तंटा टळला हें खरें. पण तो कोणत्या किंमतीनें टळला हें पाहावयास नको काय? २०२१ च्या जानेवारींत राज्य निवडणूक आयोगानें नाशिक जिल्ह्यांतील उमराणे व नंदुरबार जिल्ह्यांतील खोंडामळी ह्या दोन गांवांच्या ग्रामपंचायत निवडणुका रद्द केल्या. तेथें पदांचा जाहीर लिलाव पुकारला गेला होता, व उमराण्यास बोली २ कोटी रुपयांच्या वर गेली होती. पैसा देवळासाठीं जावयाचा होता, गांवांत भांडणहि नव्हतें. सारें एकमतानें चाललें होतें. अशा एकमतापेक्षां चार माणसांची उघड चुरस शतपट बरी.

विलायतेंत १८७० च्या कायद्यानें शाळामंडळें स्थापन झालीं तीं लोकांच्या मतांनीं निवडलेलीं होतीं. स्त्रियांस त्या वेळीं पार्लमेंटचें मत नव्हतें; परंतु ह्या मंडळांवर त्यांना उभें राहतां येई. त्याच वर्षीं लंडनच्या मंडळावर एलिझाबेथ गॅरेट व एमिली डेव्हिस ह्या दोघी निवडून आल्या, व गॅरेटबाईंना मॅरिलबोन विभागांत सर्वांहून अधिक मतें पडलीं. कुलीन स्त्रीनें मतें मागावीं हें त्या काळच्या सभ्यतेस केवढें लागलें असेल! परंतु त्या उभ्या राहिल्या नसत्या तर कोणत्या पुरुषानें त्यांस आपण होऊन खुर्ची दिली असती?

येथवर आलों तेव्हां उभें राहणें हें कर्तव्यच आहे असें आमच्या मनानें घेतलें होतें. दुसरा प्रश्न मात्र तेवढ्यानें सुटेना.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २१ व्या कलमानें ह्या समितींतील किमान तीन चतुर्थांश सभासद शाळेंतील मुलांचे आईबाप असावेत व एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात असें ठरविलें आहे. शाळेवर देखरेख करणें, तिच्या विकासाचा आराखडा करणें, आलेल्या अनुदानाचा विनियोग पाहणें हीं कामें त्यांचीं. हा नियम करणारांस इतिहास चांगला ठाऊक असला पाहिजे. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुल्यांनीं जें निवेदन केलें त्याचें मर्म हेंच होतें कीं, सरकारचा वसूल येतो शेतकऱ्याच्या घामांतून आणि शिक्षणावर तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या मुलांवर. १९२० सालीं पुण्याच्या नगरपालिकेंत सक्तीच्या शिक्षणाचा प्रश्न आला तेव्हां मुलांबरोबर मुलींनाहि सक्ती असावी कीं नाहीं ह्यावर शहर दुभंगलें. दोन्ही प्रसंगीं निकाल करणारे एक व ज्यांच्या मुलांचा निकाल व्हावयाचा ते दुसरेच.

कोणी म्हणेल कीं, मग गोखल्यांचें काय? १९११ च्या मार्चांत त्यांनीं प्राथमिक शिक्षणाचें विधेयक मांडलें तें कांहीं स्वतःच्या मुलांसाठीं नव्हे. त्यांतहि मागणें किती माफक! नगरपालिकांस व लोकल बोर्डांस वाटलें तर त्यांनीं आपल्या हद्दींत सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांस सक्ती करावी, एवढेंच. तेवढेंहि १९१२ सालीं ३८ विरुद्ध १३ मतांनीं फेटाळलें गेलें. ज्याचें मूल त्या शाळेंत नाहीं त्यानें बोलूंच नये असा दंडक घातला तर गोखल्यांस प्रथम गप्प बसवावें लागेल. हा आक्षेप आम्हांस निरुत्तर करणारा वाटला, व आम्हीं नांव देण्याचें जवळजवळ निश्चित केलें.

अशा स्थितींत सभेच्या आदल्या दिवशीं आमच्या घरीं भांडीं घासावयास येणारी बाई स्वयंपाकघराच्या दारांत उभी राहून म्हणाली, "काका, उद्या दोन तास उशिरा आले तर चालेल का? शाळेत मीटिंग आहे."

तिची मुलगी त्या शाळेंत तिसरींत आहे हें आम्हांस ठाऊक होतें. पण त्या आठवड्यांत आम्ही जो एवढा विचार करीत होतों त्यांत तें एकदांहि आठवलें नव्हतें. घरांत पाहुणे यावयाचे होते. आमच्या तोंडून निघून गेलें, "तुझ्यावांचून काय अडणार आहे तेथें? सारें मास्तरच ठरवितात."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "शाळेतल्या बाईंनी माझं नाव सांगितलंय, कमिटीसाठी. पण आता ऐकलं की तुमचंच नाव आहे. तुम्ही असाल तर मी कशाला? मी नाही म्हणून सांगते त्यांना."

तिची समजूत चुकीची होती. पालकांच्या जागा निराळ्या, तज्ज्ञाची निराळी. एकानें दुसऱ्याच्या आड येण्याचें कारण नाहीं. तसें आम्हीं तिला समजावूनहि सांगितलें. तिनें मान डोलावली, परंतु पटल्याचें कांहीं दिसलें नाहीं. आणि रात्रीं विचार करतां आमच्या ध्यानांत आलें कीं, कायद्याच्या कलमापेक्षां तिचेंच बरोबर होतें. ज्याच्या घरचीं भांडीं ती घासते व ज्याच्या हातून महिन्याचा पगार घेते, तो त्याच सभेंत समोर बसला असतां ती तोंड कशी उघडणार? पाण्याची टांकी महिनाभर कोरडी होती हें ती आमच्यापुढें एक वेळ सांगेल. पण आमचें म्हणणें चूक आहे असें ती कधींहि सांगणार नाहीं. गोखल्यांशीं आम्हीं आपली तुलना केली होती ती किती फसवी! गोखले बोलत होते तेथें गरिबांचे आईबाप हजरच नव्हते, म्हणून त्यांनीं बोलणें हें त्यांचें कर्तव्य झालें. येथें कायद्यानें त्यांस आंत आणून बसविलें आहे.

आम्हीं नांव दिलें नाहीं. ह्यांत त्याग केला असा आव आणण्याचें कारण नाहीं. त्या जागेवर गांवांतीलच एक निवृत्त शिक्षक आले, आणि ते आमच्याहून सर्व दृष्टींनीं योग्य आहेत. बाई निवडून आली. पाहुण्यांच्या दिवशींचीं भांडीं आम्हींच घासलीं, तीं फारशीं स्वच्छ निघालीं नाहींत.

परंतु गोष्ट एवढ्यावर भागली नाहीं. समितीची सभा दर महिन्यास व्हावयाची, तीहि शाळेच्या वेळांत, अकराच्या सुमारास. लोकसभेच्या व विधानसभेच्या मतदानाच्या दिवशीं मजुरासहि पगारी सुटी द्यावी असा कायदा आहे. समितीच्या सभेला तो लागू नाहीं. आमच्याखेरीज ती आणखी तीन घरीं काम करते, आणि पहिल्या सभेच्या दिवशीं त्यांतील दोन घरांनीं तिचा खाडा धरला. म्हणजे शाळेवर देखरेख करण्याचा जो मान कायद्यानें तिला दिला, त्याची पट्टी दरमहा तिच्याच पगारांतून वसूल व्हावयाची. आमच्याकडे महिन्यांतील त्या दिवशीं भांड्यांची वेळ दुपारची केली. पण एका घरानें काय होणार?

मतांसाठीं दारोदार फिरणें सभ्य माणसास शोभतें कीं नाहीं ह्याचा आम्हीं एवढा ऊहापोह केला होता. शेवटीं एका रविवारीं आम्हीं वहाणा चढविल्या व तिचा खाडा धरूं नये अशी विनंती करण्यास आमच्याच इमारतींतील तीन दारें ठोठावलीं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनीं लगेच मान्य केलें. त्या स्वतः नोकरी करतात. सातव्या मजल्यावरच्या गृहस्थांनीं आधीं समितीचें काम काय तें सविस्तर विचारून घेतलें व मग होकार दिला. अकराव्या मजल्यावरील शेजाऱ्यांनीं चहा दिला, शाळेविषयीं आस्थेनें चौकशी केली, आणि पगाराचा विषय निघतांच सांगितलें कीं, हा त्यांचा घरगुती प्रश्न आहे. त्यांच्याकडे आम्ही पुढच्या महिन्यांत पुन्हां जाणार आहों.