दोन जिवांची

बाईला दिवस राहिले की आपल्याकडे तिला 'दोन जिवांची' म्हणतात. एरवी सगळ्यांच्या मागून उरलेसुरले घेऊन बसणारी सून त्या दिवसांत पुढच्या पंक्तीला येते, सासूबाई आपल्या हाताने तिला तूप वाढतात. सातव्या महिन्यात झोपाळा सजतो, फुलांची वाडी भरली जाते, आणि झाकलेल्या वाटीतून पेढा निघतो की बर्फी याकडे साऱ्या आळीचे डोळे लागतात. या कौतुकाला मी नावे ठेवणार नाही. सुश्रुताने गर्भिणीला 'द्विहृदया' म्हणून तिची इच्छा मोडू नये असे सांगितले. कालिदासाच्या सुदक्षिणेला तर माती खावीशी वाटली. मातीची ओढ ही पुष्कळदा अंगात लोह कमी असल्याची खूण असते, असे आजचे डॉक्टर सांगतात. राणीच्या ताटातही काही उणे असावे, असा आपला माझा तर्क!

पण हे तूप नेमके कोणासाठी वाढलेले असते?

लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई १९२८ साली मुंबईस आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायका पांढऱ्याफटक पडत होत्या, दगावत होत्या. विल्सबाईंनी त्यांच्या ताटात डोकावून पाहिले. भाजीपाला आणि फळे तिथे नावालाच होती. मार्माइट नावाचा, पावाला लावायचा यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यावर त्या बायकांच्या अंगात रक्त भरू लागले. हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातले द्रव्य १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले, आणि 'पान' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड हे नाव पडले. पुढे १९९१ साली असे दिसले की, पाठीचा कणा उघडा राहिलेले मूल ज्यांना एकदा झाले होते अशा बायकांनी हे द्रव्य आधीपासून घेतले, तर पुन्हा तसे होण्याचा धोका सुमारे पाऊण हिश्श्याने कमी होतो.

'आधीपासून' या शब्दापाशी मी थांबते. गर्भाच्या मेंदूची व कण्याची नळी चार आठवड्यांतच मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम पंधरवडा झालेला असतो. कित्येकींना शंकाही आलेली नसते. झोपाळा सजतो तो त्यानंतर चारपाच महिन्यांनी.

मूल अशक्त निघाले म्हणजे आपण आईला विचारतो, "पोटुशी होतीस तेव्हा नीट खाल्ले नाहीस का ग?" ती बापडी मान खाली घालते. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांची मुले यांचा जो अभ्यास केला, त्यात पालेभाजी, फळे, दूध अधिक खाणाऱ्या आयांची बाळे अधिक भरदार निघाली खरी. पण बाळाच्या वजनाचा संबंध आईच्या गरोदरपणापूर्वीच्या वजनाशी, अगदी तिच्या डोक्याच्या घेराशीही दिसला. डोक्याचा घेर बहुतेक लहानपणीच ठरून जातो. म्हणजे जाब विचारायचाच तर त्या बाईला परकरी वयात ज्यांनी वाढले त्यांना विचारायला हवा. तेव्हा पळी काही तिच्या हातात नव्हती.

माझ्या शाळेत प्रार्थनेच्या वेळी एखादी मुलगी घेरी येऊन बसते. सकाळी काय खाल्लेस विचारले, तर "चहा" म्हणते. आठवड्याला लोहाची व फॉलिक ॲसिडची एक निळी गोळी मुलींना मिळते, ती घेताना नाके मुरडतात. एकदा मी समजावले, "अग, उद्या तुम्ही आया व्हाल, मुले धडधाकट व्हायला हवीत ना?" मागच्या बाकावरून एकीने विचारले, "आणि बाई, जिला मूल नकोच असेल तिने?"

वर्ग हसला. मला मात्र तिचा प्रश्न अगदी रास्त वाटला. मुलीला दूध द्यायचे ते तिच्या होणाऱ्या बाळासाठी, हा हिशेब शास्त्राने खरा ठरवला तरी त्यात तिचा स्वतःचा जीव कुठे मोजलेला आहे? वांझ म्हणून हिणवलेली, लग्नच न झालेली, पाळी गेलेली बाई या हिशेबात बसत नाही. भूक तर त्यांनाही लागते.

"तिनेही घ्यायची," मी म्हटले, "तुला जिना चढताना दम लागतो, म्हणून." तिने गोळी तोंडात टाकली आणि पाण्याची बाटली शेजारणीकडे सरकवली.