वाट वाकडी करताना



वेलांकनीच्या यात्रेसाठी नावे नोंदवायला सुरुवात झाली आहे आणि नावांबरोबर नेहमीचा प्रश्नही कार्यालयात येऊन पोहोचला आहे: "फादर, एवढे लांब जातोच आहोत, तर तंजावरजवळची पूंडी माताही करू या ना?" हे 'करू या' आम्हांला नेहमी खटकते. आपण बाजार करतो, लग्नाची खरेदी करतो आणि त्याच दमात तीर्थस्थानही करतो. पण तो विषय बाजूला राहू द्या. होय किंवा नाही म्हणण्याआधी एक गोष्ट तुमच्यापुढे मांडणे आम्हांला भाग आहे. तुमच्यातले कितीतरी जण तिचे साक्षीदार आहेत.

२०२४ च्या डिसेंबरात आपल्या धर्मग्रामाची बस जुन्या गोव्याला गेली होती. संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन दर दहा वर्षांनी जवळून घेता येते. त्या वेळी हा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असा चालला. सगळे जण त्यासाठीच निघाले होते. रात्रभर प्रवास करून सकाळी गोव्यात पोहोचलो. चहा घेताना कोणीतरी संत जोसेफ वाझ ह्यांचे नाव काढले. झुआरी ओलांडली की सांकवाळ, फार लांब नाही, दुपारपर्यंत परत येऊ, असा हिशेब झाला. आम्ही बसमध्ये उभे राहून विचारले, "कोणाकोणाला यायचे आहे?" भराभर हात वर झाले. बस वळली.

सांकवाळला गेलो ह्याचा आम्हांला आजही आनंद आहे. आरोग्यमातेच्या जुन्या चर्चला १८३४ साली आग लागली. आज तिथे त्याचा फक्त दर्शनी भाग उभा आहे. ह्याच सांकवाळला १६७७ साली तरुण जोसेफ वाझ ह्यांनी स्वतःला पवित्र मारियेचा दास म्हणून लिहून दिले होते. पुढे डच सत्तेने सिलोनमध्ये कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केलेली असताना हा बाणावलीचा सुपुत्र १६८७ साली मजुराच्या वेषात तिथे शिरला, कँडीत कैदेत पडला, देवीच्या साथीत रुग्णांची सेवा करत राहिला आणि १६ जानेवारी १७११ रोजी तिथेच वारला. पोप फ्रान्सिस ह्यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोत त्यांना संतपद दिले. ज्यांच्या दर्शनाला आपण निघालो होतो, त्यांचे अवशेष चांदीच्या पेटीत जपले आहेत. ह्यांची तर कबरही आज दाखवता येत नाही. आपल्या बसमधल्या काही तरुणांनी हे नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. एक मुलगा तिथे बराच वेळ गुडघे टेकून होता. त्याला हलवायला आमचे मन झाले नाही.

दुपार होऊन गेली. जुन्या गोव्याला पोहोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. आपल्या एक आजी सकाळपासून उन्हात फिरल्यामुळे आणि वेळेवर न जेवल्यामुळे चक्कर येऊन बसमध्येच आडव्या झाल्या. एक परिचारिका भगिनी त्यांच्याजवळ थांबली. बाकीच्यांनी रांगेत उभे राहून दर्शन घेतले. बस रात्रीच परतायची होती. आजींचे दर्शन राहिले ते राहिलेच.

परतीच्या वाटेवर समजले की १९७४ सालच्या सोहळ्याला त्या नव्या नवरीच्या रूपात नवऱ्याबरोबर आल्या होत्या. पन्नास वर्षांनी त्याच्या नावाने पुन्हा यायचे, असे त्यांनी मनाशी ठरवले होते. आम्ही ओशाळून म्हणालो, "आजी, तुम्हांला पुन्हा गोव्याला नेऊ." त्या शांतपणे म्हणाल्या, "पेटी बासिलिकात वर ठेवतात, फादर. लांबून दिसते. मला जवळून बघायचं होतं." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी हात वर केला नव्हता."

खरेच होते. कोणाला यायचे आहे, एवढेच आम्ही विचारले होते. कोणाला नको आहे आणि का, हे विचारलेच नव्हते.

सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस शिकताना आम्ही पाठ केले होते की, कृतीचा चांगुलपणा तिचे स्वरूप, तिच्यामागचा हेतू आणि तिच्याभोवतीची परिस्थिती ह्या तिन्हींवरून ठरतो. स्वरूप चांगले होते: संताचे स्थान. हेतूही चांगला होता. तिसऱ्या गोष्टीला आम्ही परीक्षेत गुण मिळवले आणि बसमध्ये विसरलो. वेळ कोणाच्या वाट्यातून जातो आहे, ही परिस्थितीच होती.

संत इग्नेशियस १५२२ साली जेरुसलेमला निघाले होते. मोन्सेरातच्या मातेपाशी त्यांनी तलवार ठेवली आणि थोडे दिवस म्हणून मानरेसाला थांबले. ते थोडे दिवस जवळजवळ वर्षभर लांबले. आज जी अध्यात्मिक साधना जगभर केली जाते, ती त्या मुक्कामात आकाराला आली. म्हणजे वाट वाकडी करणे मुळात चूक नव्हे. पण इग्नेशियसबरोबर बस नव्हती. उशीर झाला तो त्यांचा एकट्याचा.

आम्हांला जास्त अस्वस्थ करतो तो याईर. मुलगी मरणपंथाला लागलेली, प्रभू येशू त्याच्या घरी निघालेले, आणि वाटेत बारा वर्षांच्या आजारी स्त्रीसाठी ते थांबतात. त्या थांबण्यावर आम्ही कितीतरी प्रवचने दिली आहेत. बाजूला उभ्या याईरवर एकही नाही. थांबण्याची किंमत तो मोजत होता आणि त्याला कोणी विचारले नाही. घरून निरोप येतो: मुलगी गेली. प्रभू तिला उठवू शकत होते, म्हणून त्यांना थांबता आले. गमावलेली दुपार आम्हांला परत देता येत नाही. वाटेतली सगळी निमंत्रणे कृपेचीच समजून धर्मगुरूने बस वळवू नये, कारण तो प्रभू नव्हे.

मग बहुमताचे काय? बहुमताने इच्छा मोजता येते. पन्नास वर्षे सांभाळून आणलेली गोष्ट हाताच्या संख्येत बसत नाही. तरीही एकीसाठी चाळीसांनी सांकवाळ सोडायचे का, असे काही जणांनी आम्हांला नंतर विचारले. त्या मुलाचे गुडघे आठवले की आम्हांलाही झटकन उत्तर देता येत नाही. पण ज्यासाठी सगळे निघालो ते आधी करायला हवे होते आणि सांकवाळ त्यानंतर, उजेड उरला असता तर. एवढे साधे सकाळी आमच्या डोक्यात आले नाही.

म्हणून पूंडीबद्दल अजून काहीच ठरवलेले नाही. वेलांकनीच्या अर्जावर ह्या वेळी दोन ओळी रिकाम्या ठेवल्या आहेत: तुम्ही कशासाठी येत आहात आणि कोठे तुम्हांला घाई नको आहे. लिहायचे नसेल तर मिस्सानंतर येऊन सांगा. सगळे अर्ज वाचून झाल्यावरच बसवाल्याशी बोलू. पूंडी घेतलीच, तर ती वेलांकनीहून परतताना असेल, आणि ज्यांना थकवा आला असेल त्यांच्यापाशी त्या दिवशी आम्ही स्वतः मागे थांबू.