हद्द कोणत्या मापाने?

5 सप्टेंबर 1977 रोजी निघालेले व्हॉयेजर-1 हे यान 25 ऑगस्ट 2012 रोजी सूर्यमालेबाहेर पडले, असे आपण वाचतो. ते खरे आहे आणि अपुरेही. सूर्यापासून चहूकडे विद्युतभारित कणांचा वारा वाहतो. ताऱ्यांमधल्या विरळ वायूपुढे त्याचा जोर जिथे संपतो, ती हद्द यानाने सुमारे 18 अब्ज किलोमीटरवर ओलांडली. तरी वैज्ञानिक वर्षभर वाद घालत राहिले, कारण चुंबकीय क्षेत्राची दिशा अपेक्षेप्रमाणे बदललीच नव्हती. नासाने निर्णय जाहीर केला तो सप्टेंबर 2013 मध्ये. आणि गुरुत्वाकर्षणाचे माप लावले, तर सूर्याचा अंमल याच्या कितीतरी पुढे चालतो. त्याच्याभोवती असल्याचे मानले जाणारे बर्फाळ पिंडांचे कडे गाठायलाच यानाला आणखी सुमारे 300 वर्षे लागतील. पार करायला कदाचित 30,000. माप बदलले की हद्द बदलते.

मीरा-भाईंदरच्या माणसाला हे नवे नाही. दहिसरचा नाका ओलांडला की मुंबई संपते, ठाणे जिल्हा लागतो. पण विरार लोकल तिथे थबकत नाही. आपली नोकरी, बाजार, सोयरीक दोन्हीकडे पसरलेली असते. नकाशात नसलेली हद्द मात्र याहून कडक असते. घर भाड्याने पाहायला गेले की आधी नाव विचारले जाते, मग खोली रिकामी आहे की नाही ते ठरते. आपल्या माणसांत राहिल्याने धीर मिळतो, हेही खोटे नाही. पण निवाऱ्यासाठी घातलेले कुंपण कधी अख्ख्या माणसाचे माप होऊन बसते, ते कळत नाही.

त्या यानावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. तिच्यात 55 भाषांतले अभिवादन आहे. मराठी आहे, उर्दू आहे, अरबीही आहे. भारताचे गाणे एकच, ‘जात कहाँ हो’ ही भैरवी. गाणाऱ्या सूरश्री केसरबाई केरकर, गोव्यातल्या केरीच्या. यान सुटल्यावर अकराच दिवसांनी त्या वारल्या. त्यांचे गुरू उस्ताद अल्लादिया खाँ, कोल्हापूर दरबारचे गवई. कुणाची गायकी कुणाच्या गळ्यात उतरली आणि कुठवर गेली! धर्माचे माप लावले तर हे दोघे दोन मोहल्ल्यांतले. सुराचे लावले तर एकाच घराण्यातले.

दोन्ही मापे खरी आहेत, म्हणून आपली सुटका होत नाही. सूर्याची हद्द वाऱ्याने मोजली काय किंवा ओढीने मोजली काय, सूर्याला त्याचे सुखदुःख नाही. माणसाला असते. त्याच्यासाठी माप निवडणे हे नुसते मोजणे उरत नाही, तो न्यायनिवाडा होतो, आणि त्याचा जाब निवडणाऱ्याला द्यावा लागतो. दाराशी आलेल्याला आधी नाव विचारायचे की पाणी, एवढ्या लहानशा निवडीत तो निवाडा रोज होत असतो. त्यांच्या दारात आणि आपल्याही.