बाईंचे हजेरीपुस्तक

वाचन : २ करिंथ १२:७-१०



वास्कोच्या आमच्या लहानशा मराठी मंडळीत शब्बाथशाळेच्या एक बाई आहेत. मागच्या पावसाळ्यात उपासना संपल्यावर त्यांनी वर्गाचे हजेरीपुस्तक माझ्या हाती ठेवले. म्हणाल्या, "पाळकसाहेब, हे आता दुसऱ्या कोणाला द्या. मुलांची उत्तरे मला ऐकू येत नाहीत. परवा चुकीच्या उत्तराला 'शाबास' म्हणाले आणि सगळी हसली." मी काहीतरी सांत्वनाचे बोललो. तेही त्यांना नीट ऐकू गेले नसावे, आणि बरेच झाले; त्यात काही दम नव्हता.

घरी आल्यावर पंडिता रमाबाई आठवल्या. वास्कोहून सुटणारी गोवा एक्स्प्रेस पुण्याहून दौंडकडे जाते, तेव्हा वाटेत केडगाव लागते. तेथेच त्यांचे मुक्ती मिशन. रमाबाईंची विद्या कानांनी आलेली. आईने तोंडी सांगावे, मुलीने ऐकून पाठ करावे. भागवताचे हजारो श्लोक असे पाठ झाले. पुराणे सांगतच ते कुटुंब देशभर हिंडले. त्याच रमाबाईंचे कान अधू झाले. १८८३ साली त्या डॉक्टर होण्याच्या इच्छेने इंग्लंडला गेल्या, पण बहिरेपणामुळे तो बेत सोडावा लागला. पंचविशीतली विधवा, पदरी लहान मुलगी, देश परका. त्या रडल्या नसतील असे मी म्हणणार नाही.

त्या शिक्षणाकडे वळल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी स्त्रिया व मुली त्यांनी शेकड्यांनी आणल्या आणि केडगावची वस्ती वाढली. तेथे अंध मुलींना ब्रेल शिकवीत. उतारवयात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीकचा अभ्यास करून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले. १९२२ साली मृत्यूपूर्वी ते पुरे झाले. १९२४ साली संपूर्ण शास्त्र प्रसिद्ध झाले. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळविण्याचे काम तेथील स्त्रियाच करीत.

येथे जरा जपून बोलले पाहिजे. शारदा सदन व्हावे म्हणून देवाने त्यांना बहिरे केले, असे मी म्हणत नाही. आजाऱ्याच्या खाटेशी बसून असे बोलणारे विश्वासणारे मी पाहिले आहेत. ईयोबाचे मित्रही बोलण्यात काही कमी नव्हते. पौलाने काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला. कृपा पुरेल, एवढे त्याला कळविण्यात आले, आणि तेवढ्यावर तो कामाला लागला. रमाबाईंचे कानही परत आले नाहीत.

पुढच्या रविवारी ही हकिगत कागदावर लिहून बाईंना दिली. वाचून म्हणाल्या, "पण मी काही पंडिता नाही हो." खरेच होते. मग आम्ही दोघांनी बसून ठरविले : मोठ्या मुलांनी उत्तर वहीत लिहून दाखवावे, लहानग्यांनी जवळ येऊन कानाशी सांगावे. हजेरीपुस्तक त्यांनी परत घेतले.

त्या वर्गात अडखळत बोलणारा एक मुलगा आहे. हसतील म्हणून तो कधी उत्तर देत नसे. आता बाईंकडे सर्वांत आधी त्याचीच वही येते.