वकील वारस नव्हे

श्रमाला मोल द्यावे, ही शुभवर्तमानाची शिकवण आपण सर्वजण जाणतो. शेतमजूर, गवंडी, शिक्षक, डॉक्टर यांच्याप्रमाणे वकीलही श्रम करतो. त्याने बुद्धी वेचली, वेळ दिला, तर त्याचा मोबदला त्याला मिळालाच पाहिजे. परंतु माणूस मरण पावल्यावर त्याच्या मिळकतीची व्यवस्था लावताना हा मोबदला कोणत्या मापाने मोजावा, आणि कबूल केलेला मोबदला अन्याय्य असेल तर शब्द पाळावा की मोडावा, हे प्रश्न वाटतात तितके सोपे नाहीत. आमच्यापुढे ते एका विधवा भगिनीच्या रूपाने आले. त्या वेळी आम्ही दिलेले पहिले उत्तर चुकीचे होते, हे येथे मोकळेपणाने सांगणे आम्हांस आवश्यक वाटते.

निर्मळच्या पुढे समुद्राला लागून कळंब गाव आहे. एकेकाळी येथील जमिनीची किंमत तिच्यात काय पिकते यावरून ठरे. आज ती रस्ता किती जवळ आहे यावरून ठरते. या भगिनीचे पती मृत्युपत्र न करता वारले. वाडीच्या सातबाऱ्यावर अजून सासऱ्यांचेच नाव होते. दिरांशी वाद झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. हाती पैसा नव्हता. वकील म्हणाले, "आता काही देऊ नका. निकाल लागला की तुमच्या हिश्श्याचा चौथा भाग मला द्या." तिने कागदावर सही केली. दोन वर्षांनी दिरांशी तडजोड झाली, हिस्से पडले, आणि वकिलांनी आपला चौथा भाग मागितला. त्या भागात वाडीची विहीर येत होती.

ती आमच्याकडे आली ती भांडायला नव्हे, कायदा विचारायलाही नव्हे. तिने एवढेच विचारले, "फादर, मी सही केली आहे. आता नाही म्हटले तर पाप लागेल का?" आम्ही फारसा विचार न करता म्हणालो, "बाई, दिलेला शब्द पाळावा." ती काही न बोलता उठून गेली.

त्याच आठवड्यात २९ ऑगस्टला संत योहान बाप्तिस्ता यांच्या शिरच्छेदाचा स्मरणदिन होता. प्रवचनाची तयारी करताना हेरोद राजापाशी आम्ही थबकलो. भर मेजवानीत त्याने शपथ वाहिली आणि ती शपथ मोडू नये म्हणून एका निरपराध माणसाचा बळी दिला. हेरोदाने शब्द पाळला, हे खरे. पण त्याबद्दल ख्रिस्तसभेने त्याला कधी सत्यवचनी म्हटले नाही. ज्या वचनाच्या पोटात अन्याय आहे, ते वचन विवेकाला बांधत नाही, हे गुरुविद्यालयात आम्ही स्वतः शिकलो होतो. शिकलेले वेळेवर आठवले नाही, हा दोष आमचा.

मग हा करार अन्याय्य होता का? तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा थिओलॉजिका' या ग्रंथात नेमका हाच प्रश्न घेतला आहे. वकिलाने मोबदला घेणे न्याय्य आहे, असे ते स्पष्ट सांगतात. मात्र त्याला ते मर्यादा घालतात: पक्षकाराची परिस्थिती, प्रकरणाचे स्वरूप, पडलेले श्रम आणि त्या देशाची रीत यांचा विचार करून तो ठरवावा. याहून अवाजवी मोबदला उकळणारा न्यायाविरुद्ध पाप करतो. या मापांत मिळकतीची किंमत हे माप कोठेही नाही, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. एका गुंठ्याचा वाद आणि एका एकराचा वाद यांत वकिलाला तेवढेच कष्ट पडत असतील, तर केवळ जमीन मोठी म्हणून मजुरी अनेक पटींनी वाढावी, याला न्याय म्हणता येईल का?

आपल्या देशाचा कायदाही याच दिशेने बोलतो. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवू नये, दाव्यातून मिळणाऱ्या लाभात वाटा घेऊ नये, असे भारतीय विधिज्ञ परिषदेचे नियम वकिलांना बजावतात. २०१७ मध्ये तेलंगणातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, निकालाच्या रकमेवर टक्केवारीने फी घेणे हे व्यावसायिक नीतीच्या आणि सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध असल्याचे म्हटले. फी थकली म्हणून पक्षकाराचे कागद अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, हे त्याच न्यायालयाने २००० सालीच सांगून ठेवले आहे. या नियमामागचे तत्त्व खोल आहे. वकील स्वतःच हिस्सेदार झाला, तर तो पक्षकाराचा निःस्वार्थ सल्लागार राहत नाही. मृताच्या मिळकतीला वारस असतात. वकील हा त्यांचा सेवक आहे, वारस नव्हे.

आम्ही त्या भगिनीच्या घरी गेलो, आमचे चुकले असे तिला सांगितले, आणि एका वयोवृद्ध, जाणत्या वकिलांकडे तिला नेले. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. चौथा भाग देणे तिच्यावर बंधनकारक नाही, ही पहिली. दुसरी अशी की, झालेल्या कामाचे पैसे मात्र तिने दिलेच पाहिजेत. किती तारखा झाल्या, कोणते अर्ज लिहिले, याचा हिशोब मागण्यात आला. बरीच बोलाचाली झाली. अखेर रक्कम ठरली, आणि ती तिने हप्त्यांनी पूर्ण फेडली. विहीर तिच्याकडे राहिली. करार बंधनकारक नाही एवढे कळल्यावर पैसेही बुडवणारे लोक आम्ही पाहिले आहेत. तोही अन्यायच होय, कारण वकिलाचे श्रमही खरे होते.

परंतु वाचकहो, सगळा दोष वकिलांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. कायदा जाणणारे शास्त्री विधवांची घरे गिळतात, असा कठोर ठपका प्रभूने ठेवला, हे खरे. पण ते घर त्यांच्या दारापर्यंत नेतो कोण? १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र न करता वारलेल्या ख्रिस्ती माणसाच्या मिळकतीचा एक तृतीयांश भाग विधवेला मिळतो आणि उरलेला मुलामुलींना समान मिळतो. तरीही बहिणीला सही करायला बोलावताना आपण तिला तिचा हक्क सांगतो का? सातबाऱ्यावर वारसाची नोंद व्हावी म्हणून तीन महिन्यांत वर्दी द्यावी, असे १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम सांगतो. त्या अर्जासाठी वकील लागत नाही. पूर्वीचे तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, तो स्वीकारतात. तरी पिढ्यान्‌पिढ्या आजोबांचेच नाव राहते. २०२५ मध्ये राज्य शासनाला मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी 'जिवंत सातबारा' मोहीम काढावी लागली, ती उगाच नव्हे.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. दोन साक्षीदार पुरेत; फक्त साक्षीदाराला किंवा त्याच्या पती-पत्नीला त्यात काही ठेवलेले नसावे. एवढे साधे काम, पण मरणाचे नाव काढणे अशुभ मानून आपण ते टाळतो. ज्या श्रद्धेत मरणाच्या घटकेसाठी रोज प्रार्थना केली जाते, त्या श्रद्धेच्या माणसांनी असे भ्यावे, हे नवलच. आणि न्यायालयात जाणे अटळच झाले, तर कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळू शकतो, हे प्रत्येक घरात ठाऊक असावे.

वकिलांचे आश्रयदाते संत इव्हो हे फ्रान्समधील ब्रिटनी प्रांताचे धर्मगुरू होते. ते १३०३ मध्ये मरण पावले. गरिबांचे दावे ते विनामूल्य चालवीत आणि दावा उभा राहण्यापूर्वी दोन्ही पक्षांत समेट घडवण्याचा यत्न करीत. आमच्या धर्मग्रामांतील तरुण वकिलांनी त्यांचे चित्र कार्यालयात लावावेच, पण पक्षकार पहिल्यांदा दारात येईल तेव्हा फीचा आकडा कागदावर लिहूनही द्यावा. आणि आम्हां धर्मगुरूंनी, कोणी भगिनी पापाचा प्रश्न घेऊन आली, तर उत्तर देण्यापूर्वी तिने कशावर सही केली आहे ते आधी विचारावे.